जरा सरकून घ्या

"तासगाव, तासगाव, तासगाऽव! चला दोन सीट, दोनच सीट!"

सांगलीच्या एसटी स्टँडापासून थोडं पुढं ट्रॅक्स जीपच्या मागच्या दाराला लटकून एजंट ओरडत असायचा. गाडीत चार माणसं असली तरी दोनच सीट शिल्लक असत आणि चौदा असली तरी दोनच. हे गणित आमच्या भागात कुणी कधी तपासून पाहिलं नाही. नव्वदच्या दशकात मी कॉलेजला सांगलीला जात होते. दप्तरात एसटीचा पास असायचा, पण वर्ग उशिरा सुटला आणि गाडी चुकली की हा वडाप. बुधगाव, कवलापूर, कुमठे फाटा, कवठे एकंद, तासगाव. तास-सव्वा तासाच्या त्या रस्त्यावर मी जेवढी माणसं बघितली, तेवढी कॉलेजच्या तीन वर्षांत बघितली नाहीत.

वडापाच्या भाषेत सीट म्हणजे बसायची जागा नव्हे, माणूस. "एक सीट कवलापूर, तीन सीट तासगाव," असा हिशोब. तीन माणसांसाठी केलेल्या मधल्या बाकावर चार सीट, मागच्या समोरासमोरच्या फळ्यांवर चार-चार, पुढं ड्रायव्हरच्या डावीकडं तीन. चौथा आला की ड्रायव्हर स्वतः दाराकडं सरकायचा आणि निम्मं अंग बाहेर काढून गाडी हाकायचा. आणि हे सगळं ज्या एका वाक्यावर चालायचं, ते म्हणजे "जरा सरकून घ्या."

या वाक्याकडं मी आता पन्नाशीत जरा निरखून बघते. "सरका" हा हुकूम झाला. "सरकून घ्या" म्हटलं की वाटतं, तुम्ही स्वतःच्याच सोयीसाठी सरकताय. आपल्याकडं "जेवून घ्या", "झोपून घ्या" म्हणतात तसंच. समोरच्याची अडचण करायची आणि ती त्याच्याच फायद्याची असल्यासारखी सांगायची, ही करामत मराठीत एका छोट्या क्रियापदानं साधते. आणि माणसं सरकतही. जागा नसायचीच, पण सरकल्यासारखं करायची. खांदा थोडा पुढं, गुडघा थोडा तिरका. नव्या माणसाला तेवढं पुरे असायचं.

या गाडीला महाराष्ट्रात एक नाव नाही. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी, रायगडात मिनीडोर आणि विक्रम, कोकणात आणखी खाली उतरलात की डमडम. मुंबई-ठाण्यात नुसतं 'शेअर'. "शेअर आहे का?" एवढं विचारलं की झालं. डोंबिवली-कल्याणकडं रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसणाऱ्याला 'चौथी सीट' म्हणतात आणि ती कायद्यात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, चौथ्या सीटवरच्या माणसालाही. जगात 'शेअरिंग इकॉनॉमी' नावाचं काहीतरी आलंय, लोक आपली गाडी, आपलं घर अनोळखी माणसांबरोबर वाटून घेतायत, असे लेख दहा-बारा वर्षांपूर्वी इंग्रजी वर्तमानपत्रांत येऊ लागले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा एजंट. दोनच सीट.

वडाप बेकायदा होता आणि आहे. टप्प्याटप्प्यावर माणसं घ्यायची-उतरवायची, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घ्यायचं, हा परवाना एसटीचा. जीपवाल्याला फार तर सगळी गाडी एकाच्या भाड्यानं न्यायची मुभा. एसटी स्टँडाच्या २०० मीटरच्या आत खासगी गाडीनं प्रवासी भरायचे नाहीत, हाही नियम. त्यामुळं पुढं तपासणी आहे असं समजलं की एक गमतीशीर प्रकार व्हायचा. ड्रायव्हर गाडी अलीकडं थांबवायचा. जास्तीची पाच-सहा माणसं उतरायची, फिरायला निघाल्यासारखी निवांत रस्त्याच्या कडेनं चालत जायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा गाडीत बसायची. त्यात म्हातारी माणसंही असत. कुणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. भाडं आणि जागा वाटून घेतलेल्या माणसांनी गुन्हाही वाटून घेतलेला असायचा.

त्या गाडीत माणसांशिवाय बरंच काही जायचं. तासगावच्या बाजारपेठेतले बेदाण्याचे बॉक्स, कुणाच्या आजोबांची सांगलीहून मागवलेली औषधं, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, विसरलेला चष्मा, वसतिगृहातल्या पोराचा डबा. दसऱ्याला कवठे एकंदच्या आतषबाजीला जाणारे पाहुणे असले की पिशव्यांतून फराळ. ड्रायव्हरच्या हातात वस्तू द्यायची आणि सांगायचं, "फाट्यावर आमचं पोरगं उभं आसंल." पोरगं उभं नसलं तर ड्रायव्हर पानपट्टीवर ठेवून जायचा. याचे पैसे बहुतेक वेळा तो घेत नसे. घेत नसे म्हणजे सोडून देत असे असं मात्र नाही.

आमच्याकडं शेतीत 'पैरा' असतो. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. कुठं याला सावड म्हणतात, कुठं वारंगुळा. इर्जिक त्याहून मोठी. तिथं गावातली औतं एका दिवसात एकाच्या रानात येतात आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. पैऱ्यात मजुरीचे पैसे नसतात, पण हिशोब पक्का असतो, आणि तो वहीत नसतो. माझी आजी पैरा फेडायला गेली की एखादा दिवस जास्तीचा करून यायची. लहानपणी मला तो तिचा भोळेपणा वाटायचा. पुष्कळ उशिरा कळलं की त्या एका दिवसामुळं आता ते घर आमचं देणं लागायचं, आणि मग त्यांनी येऊन दोन दिवस केले की आम्ही त्यांचं. हा हिशोब कधी शून्यावर येऊ द्यायचा नसतो. शून्यावर आला तर पुढच्या सुगीला हाक कुणाला मारायची?

वडापवाल्याचं चष्म्याचं पार्सल पैऱ्यातलं होतं. ज्यांचा चष्मा त्यानं पोचवला, ती माणसं एसटी समोर उभी असली तरी त्याच्या गाडीची वाट बघत. "राहू दे, माघारी येताना दे," हे वाक्य मी त्या गाडीत इतक्यांदा ऐकलंय. सुट्टे नाहीत, राहू दे. पगार झाला नाही, राहू दे. ज्यांचं राहिलेलं असायचं, त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसायची चोरी व्हायची, हेही तितकंच खरं.

पण मी हे फार गोड करून सांगते आहे. त्या गाडीत बाईमाणसाला काय सोसावं लागायचं, ते पुरुषांच्या आठवणींत येत नाही. मागच्या फळीवर अंधारात कुणाचा गुडघा कुठं लागतो, कुणाचा हात बाकाच्या पाठीवरून कुठं येतो, हे मला सतराव्या वर्षी त्या रस्त्यानं शिकवलं. दप्तर मांडीवर नव्हे, बाजूला, त्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये ठेवायचं हेही. चांगले ड्रायव्हर आरशातून बघून म्हणायचे, "ओ पाव्हणं, लेडीज हायत, तुम्ही मागं बसा." सगळे ड्रायव्हर चांगले नव्हते.

आणि सरकणंही सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. गाडीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याची वस्ती माहीत असायची, कोण कुठल्या फाट्याला उतरणार हे माहीत असायचं. कुणी चढलं की बाक आपसूक मोकळा व्हायचा, आणि कुणी चढलं की शेजारचा माणूस अंग चोरून घ्यायचा. सरकणं आणि अंग चोरणं लांबून एकसारखंच दिसतं. ज्याच्यासाठी ते केलं जातं त्याला फरक बरोबर कळतो. काही बायका रिकामी गाडी असली तरी मागच्या फळीवरच जाऊन बसत. त्यांना तसं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. मला ते त्या वयात दिसलंही नाही, हे इथं लिहून ठेवते.

माझ्या वाट्याला आलेला प्रश्न सौम्य होता. कवलापूरच्या आसपास शेजारची मावशी माझ्याकडं वळायची आणि विचारायची, "कुणाची गं तू?" नाव नाही, शिक्षण नाही. कुणाची. वडिलांचं नाव सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर ओळख पटायची, मग आजीची चौकशी, मग माझ्या लग्नाचं काय. त्या प्रश्नानं मला त्या गाडीत सुरक्षित ठेवलं यात शंका नाही. अमक्याची पोरगी म्हटल्यावर मागच्या फळीवरचे गुडघे जागेवर जात. आणि त्याच प्रश्नामुळं, मी एकदा सांगलीत एका मित्राबरोबर रसवंतीत बसले होते ही बातमी माझ्याआधी घरी पोचली.

दादर, ठाणे, मग पुणे अशी वर्षं गेली. चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीनं नरिमन पॉइंटला जाताना मला पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. रांगेत उभं राहायचं, चार जण बसले की निघायचं, पाच-सात मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोलणं फक्त पैशांचं. पुढच्या सीटवरचा माणूस सगळ्यांचे पैसे गोळा करायचा, मागून हातोहात नाणी यायची, उरलेले सुट्टे हातोहात परत जायचे. ज्यांना एकमेकांची तोंडं आठवणार नव्हती, ती माणसं एकमेकांच्या दोन रुपयांची बिनचूक काळजी घेत. आता तिथंही क्यूआर कोड लटकलेला असतो.

ॲपवरचा वाटून प्रवास मी २०१७ च्या सुमाराला पहिल्यांदा केला. त्याची एक कुळकथा आहे. २००३ च्या नाताळात फ्रेदेरिक माझेला या फ्रेंच तरुणाला पॅरिसहून घरी जायला रेल्वेत जागा मिळेना. शेवटी बहिणीनं वाट वाकडी करून त्याला आपल्या गाडीत घेतलं. जाताना त्याच्या लक्षात आलं की रेल्वे भरून वाहतायत आणि रस्त्यावरच्या मोटारींत एकेकटा माणूस बसलाय. त्यातून २००६ मध्ये जी कंपनी उभी राहिली तिचं आजचं नाव ब्लाब्लाकार. तिच्यावर गाडी टाकताना तुम्ही किती बोलता तेही सांगायचं असे. कमी बोलणारा 'ब्ला', बरा बोलणारा 'ब्लाब्ला', तोंडाळ 'ब्लाब्लाब्ला'. ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये भारतात आली. २०१७ मध्ये तिनं इथलं कार्यालय गुंडाळलं, पण ॲप राहिलं आणि माणसं ते वापरत राहिली. दुकानदार शटर ओढून निघून जावा आणि गिऱ्हाईकांनी आपसात व्यवहार चालू ठेवावा, तसंच काहीसं. मला यात वडापाचा वास आला.

पुण्यात नवले पुलाखाली शनिवारी पहाटे उभं राहिलात तर हे सगळं दिसतं. पाठीवर सॅक, हातात फोन, येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा नंबर वाचणारी पोरं. कुणी कोल्हापूर, कुणी कराड, कुणी माझ्यासारखं पेठ नाक्याला उतरून पुढं आष्ट्यावरून सांगलीला जाणारं. एजंट नाही, आरडाओरडा नाही. चार सीटची गाडी, चारच माणसं. सरकायचा प्रश्नच नाही.

पहिल्याच प्रवासात एक गोष्ट लक्षात आली. ॲपवर माणसाचं फक्त नाव दिसतं, आडनाव नाही. आपल्याकडं आडनाव झाकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या फ्रेंच माणसाला स्वप्नातही कळणार नाही. खेड-शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत गाडीत चार नुसती नावं बसलेली होती. मग शिरवळच्या अलीकडं पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मागं वळून विचारलं, "मूळ गाव कुठलं?" मी सांगितलं. थोडं थांबून ते म्हणाले, "आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणाले नव्हते.

त्या गाडीत माझ्याशेजारी हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी होती, आमच्याच भागातली. तिनं कानात इअरफोन घातले आणि मला हळूच म्हणाली, "म्हणून मी झोपेचं सोंग घेते." ती दर पंधरा दिवसांनी असाच प्रवास करत होती. गाडीत दुसरी बाई आहे का ते आधी बघायचं, नंबरप्लेटचा फोटो मैत्रिणीला पाठवायचा, लोकेशन चालू ठेवायचं, ड्रायव्हरच्या मागं बसायचं. तिची तयारी माझ्या दप्तराहून फार वेगळी नव्हती. गावच्या गाडीनं का जात नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं फोनवर बोलता येत नाही. सगळी गाडी ऐकते, आणि रात्री आई विचारते."

तिला ॲप परवडतं ते पैशांमुळं नव्हे. पेठ नाक्याला उतरून भाडं दिलं की तिचं त्या तिघांशी काही देणं-घेणं उरत नाही. मी ज्याला पैरा म्हणून कवटाळते आहे, ते तिच्यासाठी आयुष्यभर न फिटणारं देणं आहे, आणि ते फेडायचं असतं बहुतेक वेळा बायकांनीच. माझ्या आजीनं जास्तीचा दिवस केला, आजोबांनी नव्हे. हे मला त्या मुलीशेजारी बसून खंबाटकी घाटात सुचलं.

तरीही ॲपच्या ताऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. एका प्रवासात गाडीच्या मालकानं त्याच घाटातून एका हातानं फोन धरून गाडी उतरवली. आम्ही तिघे मागं, पुढची सीट पकडून गप्प. घरी पोचल्यावर अंथरुणावर पडून मी त्याला पाचपैकी पाच तारे दिले. त्यालाही मला तारे द्यायचे होते ना! वडापात असं झालं असतं तर मागच्या फळीवरून एखादी म्हातारी ओरडली असती, "ए बाबा, ठेव त्यो फोन, घरला जायाचंय आमाला!" आणि त्यानं ठेवला असता. ॲपवर भिडेखातर पाच तारे देणारी माणसं वडापात मात्र तोंडावर बोलत, हे मला कोडं वाटायचं. आता वाटत नाही. म्हातारी त्याला उद्याही भेटणार होती.

अलीकडं ॲपवर काही गाड्या रोज दिसतात. तोच माणूस, तीच सात आसनी, पहाटे पुणे-कोल्हापूर, दुपारी कोल्हापूर-पुणे. कुणी 'आपण जाताजाता सोबत' म्हणून रोज कोल्हापूरला जात नाही. हा वडापच आहे, फक्त आवाज न करणारा, आणि पांढऱ्या, म्हणजे खासगी नंबरपाटीचा. अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं दिसलं तर विमा कंपनी हात वर करू शकते, हे मागं बसलेल्यांच्या मनातही नसतं. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारनं खासगी वाहनांच्या अशा ॲपवरच्या पूलिंगला मनाई केली. २०२५ मध्ये पुन्हा नियम घालून वाट मोकळी करण्याचं ठरलं. नवले पुलाखालची गर्दी दोन्ही वेळा तेवढीच होती.

मोठ्या ॲप-टॅक्सी कंपन्यांचं 'पूल' आणि 'शेअर' तर मार्च २०२० मध्ये करोनानं बंद पाडलं. वडापही थांबला. ज्या धंद्याचं भांडवलच खांद्याला खांदा, त्याला 'एक सीट सोडून बसा' सांगण्यात काय अर्थ होता? पुढं २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. सरकारनंच खासगी गाड्यांना प्रवासी न्यायला परवानगी दिली. आयुष्यभर तपासणी चुकवत आलेले ड्रायव्हर ते काही महिने राजरोस गाडी भरत होते. तासगाव नाक्यावरचा एक म्हातारा ड्रायव्हर मला म्हणाला, "भीती न्हवती तर सवय मोडल्यागत झालं."

त्या गाड्यांना खरा धक्का त्यानंतर बसला, आणि तो ॲपनं दिला नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, फुकट. म्हणजे वडापाचा मधला बाकच गेला. बाजारला निघालेल्या मावश्या, दवाखान्याला निघालेले म्हातारे, माहेरपणाला निघालेल्या सुना. जवान पोरांकडं आधीच मोटरसायकली आल्या होत्या. उरलं कोण? बेदाण्याचे बॉक्स.

या उन्हाळ्यात सांगलीहून तासगावला मी मुद्दाम वडापानं गेले. एजंट नव्हता. ड्रायव्हरच दारात उभा राहून फोन बघत होता. गाडीत आम्ही पाच जण, मधल्या बाकावर मी एकटी. अर्धा तास वाट बघून तो निघाला. कवलापूरला एक बाई चढली, कडेवर पोर. मी सवयीनं खिडकीला चिकटले. ती म्हणाली, "बसा की मोकळं, हाय की जागा." आणि बसल्यावर माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "कुणाच्या तुम्ही?" माझे केस पांढरे झाले म्हणून 'तू'चं 'तुम्ही' झालं, एवढंच. मी वडिलांचं नाव सांगितलं. तिला ओळख पटली नाही. मी आजीचंही सांगितलं.

उतरताना क्यूआर कोडवर पैसे जाईनात, रेंज नव्हती. पर्समध्ये एक पाचशेची नोट आणि थोडी चिल्लर. चिल्लर मोजली, दहा रुपये कमी पडले. नोट पुढं केली तर ड्रायव्हरनं मान हलवली.

"राहू द्या. माघारी येताना द्या."

मी माघारी एसटीनं आले. अर्धं तिकीट काढून.